श्रीखंडाच्या डब्यातला उजेड

ज्या घरात आकाशकंदील हाताने होतो, त्या घराला रिंग फ्लॅश विकत आणण्याचे कारण नाही. विधान धाडसाचे वाटेल. पण दोन्ही वस्तू शेजारी ठेवून पाहा. कंदिलात मधोमध एक दिवा असतो. तो उघडा ठेवला तर डोळ्यांना खुपतो आणि भिंतीवर काळ्याकुट्ट सावल्या पाडतो. त्याच्याभोवती कांब्यांचा सांगाडा उभा करून वर घोटीव कागद डकवला, की तोच दिवा मवाळ होतो. उजेड मग दिव्यातून न येता साऱ्या कागदातून येऊ लागतो. रिंग फ्लॅशमध्ये याहून निराळे काही नाही. कंदिलाच्या मधोमध दिवा असतो. इथे मधोमध कॅमेऱ्याची लेन्स असते आणि दिवा बाजूने आत येतो. बाकी कात्री, पुठ्ठा, खळ, कागद आणि स्वयंपाकघरातून येणारी "अहो, जेवायला येताय ना?" ही तिसरी हाक, सारे तेच.

आमच्या घरी या वस्तूला 'कडे' असे नाव पडले आहे, आणि ते तिला शोभते. लेन्सच्या तोंडाभोवती बांगडीसारखे बसणारे प्रकाशाचे कडे. हल्ली मोबाइलवर स्वतःची छबी टिपणाऱ्या मुलामुलींमुळे गोल दिवा घरोघर ठाऊक झाला आहे; तिकाटण्यावर उभा केलेला तो एलईडीचा गोल पाहिला नाही असे घर शहरात विरळा. पण तो दिवा सतत जळणारा. फ्लॅश एका क्षणात आपला सारा उजेड ओतून मोकळा होतो. साध्या हातफ्लॅशचा लखलखाट कमी जोरावर लावला तर सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही पुष्कळ थोडा वेळ टिकतो. तेवढ्यात माणसाचा हात हलत नाही, फूल डुलत नाही आणि मुंगीसुद्धा पाऊल उचलून पुढे टाकू शकत नाही. जवळून फोटो काढणाऱ्याला फ्लॅश हवा असतो तो यासाठी.

आता फ्लॅश कॅमेऱ्याच्या डोक्यावर असतोच की, मग कडे कशाला? एक प्रयोग करा. टेबलावर एखादी मोत्याची कुडी ठेवा, तिच्या अगदी जवळ जा आणि डोक्यावरच्या फ्लॅशने फोटो घ्या. कुडीचा वरचा भाग पांढराफटक, खालचा भाग काळोखात, आणि बहुतेक वेळा फोटोच्या खालच्या अंगाला एक अर्धगोल सावली. ती सावली दुसऱ्या कशाची नसून लेन्सची असते. दूरच्या माणसाचा फोटो काढताना फ्लॅश आणि लेन्स यांतले चार-सहा इंच अंतर काहीच नसते. पण वस्तू वीतभर अंतरावर आली की तेवढेच अंतर फार मोठे होते. उजेड तिरपा येतो, आणि तिरप्या उजेडाची सावली लांब पडते. हाच उजेड लेन्सच्या चारी अंगांनी आला, तर डावीकडची सावली उजवीकडचा उजेड पुसतो आणि वरची खालचा. सावली अगदी नाहीशी होते असे नाही; ती वस्तूच्या कडेभोवती सारखी वाटली जाते. भिंतीला टेकून उभ्या राहिलेल्या माणसाचा फोटो कड्याने काढला, तर त्याच्या आकृतीभोवती एक बारीक करडी किनार दिसते ती हीच. फॅशनचे फोटो काढणाऱ्यांना ही किनार पुढे इतकी आवडली की त्यांनी तिची शैली केली. पण कड्याचा जन्म झाला तो रूपवतींसाठी नव्हे. तो झाला किडक्या दातांसाठी.

फ्लॅशचा पूर्वेतिहास दिवाळीच्या अंकात शोभण्यासारखाच आहे, कारण तो दारूकामाचा आहे. १८८७ साली मीटे आणि गेडिके या दोघा जर्मनांनी मॅग्नेशियमची भुकटी आणि तिला जाळणारे क्षार एकत्र करून फोटोसाठी चमकदारू तयार केली. शाळेच्या प्रयोगशाळेत मॅग्नेशियमची फीत जळताना ज्यांनी डोळे मिटून घेतले असतील, त्यांना तो उजेड कसा होता हे सांगायला नको. त्या दारूने फोटो निघत आणि पडदेही पेटत. १९२९ च्या सुमारास काचेच्या बंद दिव्यात पातळ धातू जाळणारे फ्लॅशबल्ब बाजारात आले. धूर गेला, पण प्रत्येक फोटोला एक बल्ब खर्ची पडू लागला. पुढे अमेरिकेत हॅरल्ड एजर्टन यांनी वायू भरलेल्या नळीतून विजेचा क्षणिक लोळ सोडण्याचे तंत्र १९३० नंतरच्या दशकात हाती आणले. दुधाचा थेंब पडून त्याचा मुकुट झालेला तो प्रसिद्ध फोटो त्यांचाच. आज आपल्या फ्लॅशमध्ये असते ती झेनॉन वायूची नळी याच वंशातली. ती नळी सरळ असते. १९५२ साली लेस्टर डाइन यांनी दातांच्या फोटोंसाठी लेन्सभोवतीचा गोल फ्लॅश काढला, आणि १९६२ साली एका जपानी कंपनीने तर वैद्यकीय कामासाठी अशी लेन्सच विकायला आणली की जिच्या तोंडाभोवती फ्लॅश कायमचा बसवलेला होता. म्हणजे ही कल्पना फार जुनी. किंमत मात्र नव्या जमान्याची. नामांकित कंपन्यांचे कडे घ्यायला जावे तर आकडा पाच अंकी असतो.

त्या पाच अंकी आकड्यामुळेच मी यात पडलो. माझी भाची दंतवैद्य आहे. शहरात राहून दात पांढरे करण्याचा बरा चाललेला धंदा सोडून तिने एका तालुक्याच्या गावी दवाखाना थाटला. तिथे आठवडी बाजाराच्या दिवशी आसपासच्या खेड्यांतली माणसे येतात. दात दुखतो म्हणून येतात, आणि तोंड उघडले की आत भलतेच दिसते. आपल्याकडे तंबाखूचे प्रकार किती म्हणून सांगावेत! चुना लावून मळलेली तंबाखू पुरुषांच्या गालफडात, आणि भाजून केलेली मिसरी बायकांच्या दातांवर. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ साली बंदी आली. सवय काही हुकमाने जात नाही. जिथे तंबाखू ठेवतात तिथेच गालाच्या आत पांढरे चट्टे उठतात. काहींचे तोंड हळूहळू आखडत जाते, इतके की दोन बोटेही आत जात नाहीत. असा प्रत्येक चट्टा म्हणजे कर्करोग नव्हे, बहुतेक नसतातच. पण कोणता पुढे जाईल हे नुसत्या डोळ्यांनी सांगता येत नाही, म्हणून त्यांच्यावर नजर ठेवावी लागते.

"मामा, नजर ठेवायची म्हणजे काय करायचं, सांग," ती मला म्हणाली. "बाई येते, चट्टा दाखवते. मी म्हणते, मिसरी सोडा आणि महिन्याने या. ती अडीच महिन्यांनी येते. तेव्हा चट्टा कसा होता हे ना तिला आठवतं ना मला. मी कागदावर गोल काढून ठेवते. मोबाइलने फोटो काढते, तर एकदा सावलीत येतो, एकदा पांढरा येतो. दोन फोटो एका माणसाचे आहेत हेसुद्धा ओळखू येत नाही."

तोंडाच्या आतला फोटो घेणे म्हणजे विहिरीच्या तळाचा फोटो घेणे. उजेड वरून सोडला तर वरच्या ओठाची सावली दाढांवर. बाजूने सोडला तर गालाची. सरळ आत डोकावणारा उजेड हवा, आणि डोकावण्याच्या वाटेवर तर लेन्स बसलेली. म्हणून लेन्सच्या भोवतालूनच तो आत गेला पाहिजे. तिच्याजवळ एक जुना कॅमेरा, एक साधी लेन्स आणि माझा पडून असलेला हातफ्लॅश एवढी सामग्री होती. मी म्हटले, कडे मी करतो.

कोणी उत्साही वाचक जुन्या कॅमेऱ्याचा फ्लॅश उघडून त्याची नळी वाकवावी म्हणेल, तर त्याला हात जोडून विनंती की तसे करू नये. फ्लॅशच्या पोटात एक कपॅसिटर असतो. त्यात सुमारे ३०० व्होल्टचा दाब साठलेला असतो, आणि सेल काढून टाकल्यावरही तो बराच काळ तसाच राहतो. त्याचा झटका गमतीचा नाही. आपल्या कृतीत फ्लॅशचा एक स्क्रूही ढिला करायचा नाही. त्याचा उजेड फक्त वळवायचा आहे, पाटाचे पाणी वळवावे तसा.

साहित्य असे लागले: श्रीखंडाचा एक किलोचा गोल डबा, झाकणासकट, नळकामाच्या दुकानातून पीव्हीसी पाइपचा तीन बोटे लांबीचा तुकडा, पोळ्या गुंडाळायची चंदेरी, घोटीव कागद, काळा कार्डपेपर, फेव्हिकॉल, चिकटपट्टी, आणि ॲल्युमिनियमची हातभर पट्टी. श्रीखंड आधी संपवावे लागते, हा या कृतीतला एकमेव भाग ज्याला घरातल्या सर्वांनी मदत केली. चंदेरीच्या बाबतीत मात्र तसे झाले नाही. "डब्याला लावायला नाही मिळत कधी, आणि फोटोला लावायला आहे," असे आतून ऐकू आले.

पाइप कोणता घ्यायचा हे लेन्सवर अवलंबून. लेन्सच्या तोंडाचा बाहेरचा व्यास पट्टीने मोजावा आणि तिच्यावर सैलसर बसेल असा तुकडा आणावा. साध्या लेन्सला ७५ मिलिमीटरचा, ज्याला आपला प्लंबर 'तीन इंची' म्हणतो, तो बहुधा पुरतो. दुकानदार कापून उरलेला तुकडा फुकटही देतो. त्याला तो कशाला हवा हे सांगण्याच्या भानगडीत पडू नये. डबा असा हवा की पाइप मध्ये उभा केला तर त्याच्याभोवती निदान एक इंच तरी जागा उरेल. एक इंचाहून अरुंद वाट असली तर उजेड पलीकडच्या टोकापर्यंत पोचता पोचता थकतो.

डब्याच्या बुडाला पाइपाच्या मापाचे भोक पाडायचे. वर्तुळ आखून, तापवलेल्या सुरीने कडेकडेने जावे. कात्रीने केले तर डबा चिरतो. झाकणालाही तसेच भोक, आणि त्या भोकाभोवतालचे प्लास्टिक कापून फक्त बाहेरची चकती-किनार ठेवायची, म्हणजे तिच्यावर कागद ताणून बसवता येतो. मग डब्याच्या कुशीत एक चौकोनी खिडकी. फ्लॅशचे तोंड जेवढे, तेवढी ती असावी. माझ्या फ्लॅशला साडेसात सेंटिमीटर रुंद आणि पाच उंच अशी लागली. डब्याची खोली खिडकीच्या उंचीहून थोडी अधिक हवी, हे डबा निवडतानाच पाहून घ्यावे.

आता आतून चंदेरी. ती गुळगुळीत लावू नये. आधी हलक्या हाताने चुरगाळावी, पुन्हा पसरावी आणि मग चिकटवावी. गुळगुळीत चंदेरी आरशासारखी वागते, उजेडाचे एकच झोत पाडते. चुरगाळलेली त्याला शंभर दिशांना उधळते. डब्याची आतली भिंत, बूड, पाइपाची बाहेरची बाजू, सारे मढवून काढावे. इथे रंगाची एक गोष्ट. डबा पांढरा असो वा आम्रखंडाचा पिवळा, त्याचा रंग कुठेही उघडा राहता कामा नये. नाहीतर तो उजेडात उतरतो. घरच्या मोदकांच्या फोटोत कोणाला कळणार नाही, पण डॉक्टरीणबाईंना पांढरे आणि लाल यांतला फरक पाहायचा असतो. बाहेरून डब्याला काळा कागद गुंडाळला की उजेड फुटून बाहेर येत नाही आणि वस्तूही जरा प्रतिष्ठित दिसते. 'केशर-वेलची' ही अक्षरे रुग्णाच्या तोंडासमोर धरणे बरे नव्हे.

खिडकीतून फ्लॅशचे तोंड आत घुसवले आणि पुढे घोटीव कागद लावला की कडे तयार झाले असे वाटते. नाही झाले. अशा कड्यात खिडकीच्या बाजूला उजेड दाट पडतो आणि समोरच्या टोकाला पातळ. उजेडाला पाइपाला वळसा घालून जावे लागते ना! यावर दोन उपाय आहेत आणि दोन्ही करावेत. खिडकीच्या अगदी समोर, पाइपाच्या पोटाशी, पुठ्ठ्याची एक पाचर चंदेरीत गुंडाळून उभी करावी. नदीत पुलाचा खांब पाणी दुभंगतो तशी ती उजेडाच्या दोन धारा करते आणि डावी-उजवीकडून पलीकडे पाठवते. दुसरा उपाय कागदाचा. खिडकीजवळच्या भागावर घोटीव कागदाचा आणखी एक थर, मग त्याहून लहान असा तिसरा थर, अशा पायऱ्या करत जावे. जिथे उजेड उतू जातो तिथे कागद जाड, जिथे तुटवडा तिथे एकेरी. रेशनच्या दुकानात हे तत्त्व नेहमी पाळले जातेच असे नाही, पण कड्यात ते सक्तीने पाळता येते.

बरोबर झाले की नाही ते कसे ओळखावे? आरशापुढे उभे राहावे, शटर सेकंदाचा २०० वा भाग, छिद्र जितके बारीक होईल तितके, आणि आरशातल्या कड्याचाच फोटो घ्यावा. उजळलेले कडे फोटोत स्पष्ट दिसते; कुठे फिके, कुठे भडक हे लगेच कळते. एक तुकडा कागद वाढवावा, पुन्हा फोटो. माझी एक संपूर्ण रविवार सकाळ आरशापुढे गेली. शेजारच्या आजोबांनी दारातून पाहिले आणि "हल्ली फार नटता बुवा" एवढेच म्हणून ते गेले.

राहिला फ्लॅश धरण्याचा प्रश्न. फ्लॅश कड्याच्या कुशीत, कॅमेऱ्यापासून दूर, म्हणजे त्याला कॅमेऱ्याशी जोडणारी तार हवी; ती विकत घ्यावी लागते आणि या साऱ्या खटाटोपात खरा खर्च तिचाच. घरात आधीपासून असेल तर उत्तम. ॲल्युमिनियमच्या पट्टीला काटकोनात वाकवून एक टोक कॅमेऱ्याच्या बुडाशी पक्के करावे. तिथे तिकाटण्यासाठी जे भोक असते त्याला पाव इंची, इंचाला २० आटे असलेला बोल्ट लागतो. लोखंडी सामानाच्या दुकानात तो मिळतो. बोल्टची लांबी मात्र नीट बेताची घ्यावी, कॅमेऱ्याच्या पोटात तो घुसता कामा नये. दुसऱ्या टोकाला फ्लॅश. कड्याचा भार पट्टीने पेलावा, लेन्सने नव्हे. लेन्सचे नाक नाजूक असते. पाइपाच्या आत सायकलच्या जुन्या ट्यूबची एक पट्टी चिकटवली की ती लेन्सला ओरखडा न पाडता धरून ठेवते.

तार सोडली तर माझा खर्च दीडशे रुपयांच्या आत आला, श्रीखंड हिशेबात न धरता.

उजेडाचा हिशेब मात्र धरावा लागतो. कागदातून आणि वळणांतून जाताना तो पुष्कळ खर्ची पडतो. माझ्या कड्यात सुमारे दोन स्टॉप, म्हणजे चार आण्यांतला एकच आणा पलीकडे पोचतो. तरी चिंता नसते, कारण आपण वस्तूच्या अगदी जवळ असतो. अंतर निम्मे केले की उजेड चौपट होतो, हा निसर्गाचा नियम इथे आपल्या बाजूने उभा राहतो. तोंडाच्या फोटोला दाढेपासून पुढच्या दातापर्यंत सारे स्पष्ट हवे, म्हणून छिद्र एफ १६ च्या आसपास बारीक ठेवावे. आयएसओ २०० किंवा ४००. फ्लॅश हाताने बेतायच्या पद्धतीवर, चौथाई जोरापासून सुरुवात. एकदा आकडे जमले की ते एका कागदावर लिहून कॅमेऱ्याच्या पाठीला चिकटवावेत आणि पुन्हा हात लावू नये.

पुन्हा हात लावू नये, यात भाचीच्या कामाचे सारे मर्म होते. फोटो सुंदर यायला नको होता. तो प्रत्येक वेळी सारखा यायला हवा होता. म्हणून उजेड तोच, छिद्र तेच, आणि अंतरही तेच. अंतरासाठी आम्ही लेन्सचा फोकस एका खुणेवर कायमचा बांधून टाकला. फोटो घेताना फोकस फिरवायचा नाही. स्वतःच पुढेमागे व्हायचे आणि चट्टा स्पष्ट दिसला की बटण दाबायचे. त्यामुळे प्रत्येक फोटोत वस्तू तेवढ्याच आकाराची येते. शिवाय चौकटीच्या कडेला मिलिमीटरच्या खुणा असलेली पांढरी कागदी पट्टी, दर रुग्णाला नवी. आकार मोजायला ती खुणांनी उपयोगी पडते आणि रंग जुळवायला पांढरेपणाने. कागदावर श्वासाची वाफ बसते म्हणून घोटीव कागदापुढे एक पारदर्शक प्लास्टिकचे पान लावले. ते दर वेळी स्पिरिटने पुसून घेता येते. रुग्णाला डोळे मिटायला सांगायचे. दाढांमागचे पाहायला छोटा आरसा आत घालतात तो आधी कोमट पाण्यात बुडवायचा, म्हणजे धुरकटत नाही. ही युक्ती तिची, माझी नव्हे.

एक अडचण उरलीच. तोंडातला ओलावा चमकतो, आणि त्या चमकेत कड्याचेच छोटे पांढरे प्रतिबिंब उमटते. नेमके चट्ट्यावर उमटले तर चट्टा कोणता आणि चमक कोणती? यावर पैसे खर्च करून ध्रुवक काचेचा उपाय आहे; फुकटचा उपाय म्हणजे कॅमेरा किंचित कलता करून दुसरा फोटो घेणे. चमक जागा बदलते. चट्टा बदलत नाही.

पहिल्या पावसाळ्यात तिच्याकडे एक बाई आल्या, पन्नाशीच्या असतील. मिसरीची सवय लग्नाआधीपासूनची. डाव्या गालात पांढरा चट्टा होता. फोटो घेतला, मिसरी सोडायला सांगितले, तीन आठवड्यांनी बोलावले. त्या आल्या दोन महिन्यांनी, पेरण्या-खुरपण्या उरकून. त्या दिवशी मी कड्याचा फाटलेला कागद बदलून द्यायला गेलो होतो, म्हणून दवाखान्यात हजर होतो.

"कमी झालंय की, ताई," बाई म्हणाल्या. "मिसरी बी निम्मी केलीया."

आणि खरेच, नुसते पाहिले तर कमी झाल्यासारखे वाटत होते. पांढरा भाग पुढून आक्रसला होता. भाचीने दुसरा फोटो घेतला आणि दोन्ही पडद्यावर शेजारी लावले. उजेड तोच, आकार तोच, पट्टी तीच. पुढचा पांढरा भाग लहान झाला होता हे खरे. पण मागच्या बाजूला, जिथे आधी सारखा पांढरा रंग होता, तिथे आता लालसर, खरबरीत ठिपके होते. मला फोटो कळतात, रोग कळत नाहीत. तरी फरक मलाही दिसला. ती मात्र गप्प झाली होती.

शहरातल्या एका तज्ज्ञांकडे दोन्ही फोटो त्याच दुपारी गेले आणि संध्याकाळी निरोप आला, बाईंना याच आठवड्यात पाठवा, तुकडा काढून तपासायला हवा. पांढऱ्यात लाल मिसळू लागले की डॉक्टर मंडळी थांबत नाहीत, असे मला नंतर समजले. फोटोने निदान होत नसते. ते तुकडा तपासूनच होते. पण तुकडा तपासायला जायचे कोणी? बाईंचा मुलगा बाहेर मोटरसायकलजवळ उभा होता. दुखत नाही, खुपत नाही, जेवण जाते, मग शहरात खेप कशासाठी, मजुरी बुडवून? त्याचे म्हणणे रागाचे नव्हते, हिशेबाचे होते. भाचीने त्याला आत बोलावून पुष्कळ सांगितले. तो मान हलवत राहिला. मग तिने दोन्ही फोटो कागदावर छापून त्याच्या हातात दिले आणि काहीच बोलली नाही. त्याने ते दारात नेले, उन्हात धरले, एकदा हा, एकदा तो. बराच वेळ.

"ह्ये आईच्या तोंडातलंच हाय?" त्याने विचारले.

"हो. हा आषाढातला. हा आत्ताचा."

"सोमवारी निघतो," तो म्हणाला, आणि कागद घडी घालून खिशात ठेवले.

तपासणीत कळले की पेशी बिघडायला लागल्या होत्या, पण अजून कर्करोग झालेला नव्हता. तेवढा भाग काढून टाकला. आता त्या बाई ठरल्या तारखेला येतात, मिसरी सोडल्याचे शपथेवर सांगतात, आणि आपण होऊन डोळे मिटून कड्यापुढे तोंड उघडतात. भाचीच्या कपाटात आता अशा जोडफोटोंची एक फाइल आहे. नावे नाहीत, चेहरे नाहीत, नुसते आकडे. बहुतेक जोड्यांत काहीच फरक नाही, आणि ते पाहून तिला बरे वाटते.

कड्याचा घरगुती उपयोग विचाराल तर दागिने, नाणी, टपालतिकिटे, रांगोळीचे बारीक काम, बाळाची पहिली दातोळी, आणि फुले. सातारजवळच्या कास पठारावर पावसाळा संपता संपता जी नखाएवढी जांभळी फुले उगवतात, त्यांच्यापुढे ओणवे होऊन फोटो काढायचा तर याच्यासारखा सोबती नाही. मात्र फुलांचे संरक्षण करणाऱ्यांनी घातलेली वाट सोडून आत जाऊ नये. चकचकीत पितळी भांड्यांच्या वाटेला मात्र कड्याने जाऊ नये. समईच्या प्रत्येक फुगीर भागावर एकेक गोल कडे उमटते आणि समई डोळे वटारून पाहते असे वाटते. माणसांच्या फोटोतही जपून. बुबुळात कड्याचे गोल प्रतिबिंब गोड दिसते. पण उजेड सरळ डोळ्यात शिरून आतल्या रक्ताळ पडद्यावरून परततो, त्यामुळे अंधाऱ्या खोलीत बाहुल्या लाल येतात. खोलीतले दिवे लावले की बाहुल्या आकुंचन पावतात आणि लाली कमी होते. सुरकुत्या कड्याने पुसल्या जातात, हे आमच्या नात्यातल्या स्त्रीवर्गाला कोणी सांगितले कोण जाणे. या दिवाळीत माझी सुटी कशी जाणार ते ठरून गेले आहे.

दरम्यान भाचीच्या ओळखीच्या आणखी एका दंतवैद्याकडून मागणी आली. त्यांची लेन्स जाडजूड आहे, तिच्यावर तीन इंची पाइप चढतच नाही. चार इंची लागतो, आणि चार इंची पाइपाभोवती एक इंच जागा ठेवायची तर एक किलोचा डबा पुरत नाही. हलवायाकडे दोन किलोचा मिळतो. घरात सांगून ठेवले आहे.